कार्डाच्या मागची मीरा

मीराबाई तायड्यांबद्दल श्रीपादरावांना फारच थोडं ठाऊक होतं. जयपूरच्या खातीपुऱ्यात दोघांच्या गच्च्या लागून होत्या, मध्ये कमरेएवढा कठडा. इतकी वर्षं शेजार असून मीराबाईंना भावंडं किती, शाळेत त्या कुठवर गेल्या, त्यांना काय आवडतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायचा स्वभावच नाही. विम्याच्या ऑफिसात सगळी नोकरी कागदांशी बोलण्यात गेली. पत्नी रमा होती तोवर कठड्यापलीकडचं बोलणं ती करायची. ती गेल्यावर ते काम त्यांच्या अंगावर आलं आणि त्यांना ते कधी नीट जमलं नाही. एकच गोष्ट ते खात्रीने सांगू शकले असते, ती म्हणजे मीराबाई संतापल्या की कशा दिसतात. ते त्यांनी अगदी जवळून पाहिलं होतं.

तायडे मूळचे अकोल्याकडचे. पंढरीनाथ तायडे रेल्वेत सिग्नल खात्यात होते, बदली होऊन जयपूरला आले आणि मुलगा राजरत्न इथेच रेल्वेत इंजिनियर म्हणून लागल्यामुळे निवृत्तीनंतरही राहिले. मीराबाई घरी बसून नाताळची कार्डं करत. मालवीय नगरच्या सलोनी नावाच्या एका मॅडमची परदेशी माल पाठवायची कंपनी होती, तिच्यासाठी.

नाताळची कार्डं जयपुरात मे-जूनमध्ये तयार होतात, हे श्रीपादरावांना इथे राहायला आल्यावर कळलं. माल जहाजावर वेळेत चढायला हवा, म्हणून बाहेर लू वाहत असते तेव्हा घरात बर्फाळ सणाचं काम चालतं. सांगानेरचा जाड हातकागद, त्यावर ठशांच्या छापील कापडाचे त्रिकोण एकावर एक चिकटवले की सूचिपर्णी झाड उभं राहतं आणि शेंड्यावर गोट्याच्या, म्हणजे जरीच्या, पट्टीची चांदणी बसते. पंखा लावला की चांदण्या उडून जात. कूलर लावला की कागद ओल धरून फुगे. म्हणून दोन्ही बंद. पंढरीनाथ बनियनवर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "तिकडच्या लोकाईसाठी बर्फातलं झाड करून राह्यली, अन् आमाले भट्टीत घातलं."

झाड जरा तिरकं बसलं तर ते कार्ड मीराबाई बाजूला काढून टाकत, कोणी मागितलं तरी देत नसत. या कामाची त्यांना आवड होती, एवढं श्रीपादरावांना कठड्यावरूनही दिसे.

त्या वर्षी मॅडमकडून आलेले कागद मागच्या बाजूने छापूनच आले. एका कोपऱ्यात घूंघट घेतलेल्या बाईचं चित्र आणि खाली इंग्रजीत चार-पाच ओळी. मीराबाईंना इंग्रजी अक्षरं लागत, पण वाक्य लागत नसे. 'मीरा' एवढं त्यांनी स्वतः वाचलं. बाकीचं सुनेला, मोनालीला विचारलं. मोनालीने वाचलं, कागद उलटा ठेवला आणि म्हणाली, "काही नाही आई, तुमचं नाव आहे फक्त." मग ती गॅसवर काही नसताना स्वयंपाकघरात गेली.

त्याच संध्याकाळी मीराबाई कागद घेऊन कठड्याशी आल्या.

"श्रीपादभाऊ, हे जरा वाचून द्या. मराठीत."

श्रीपादरावांनी चष्मा लावला. पहिली ओळ मनातल्या मनात वाचली आणि त्यांना घाम फुटला. मोनालीसारखं करून सुटता आलं असतं. पण समोर उभी असलेली बाई त्यांच्या ओठांकडे बघत होती. ते वाचू लागले. हे कार्ड मीराने बनवलं आहे. मीरा राजस्थानातल्या एका गरीब खेड्यातली विधवा आहे. इथे पंढरीनाथ गच्चीवरच्या खोलीतून खोकल्यासारखं हसले. श्रीपादराव पुढच्या ओळीवर आले आणि थांबले.

"काहून थांबले जी?"

"पुढचं तितकं काही..."

"वाचा ना पुरं. लिहिणाराले लाज नाई वाटली, तुमाले कायची वाटते?"

त्यांनी वाचलं. मीरा खालच्या जातीची असल्यामुळे तिला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. तिची मुलं उपाशी झोपत. आमच्याकडे काम मिळाल्यापासून ती दोन वेळा जेवतात. हे कार्ड विकत घेऊन तुम्ही मीराला आधार दिला आहे, धन्यवाद. 'खालच्या जातीची' हे शब्द आपल्यासारख्या कोकणस्थाच्या तोंडून, ज्याच्या घरात अजून देवघरापाशी जानवं टांगलेलं होतं त्याच्या तोंडून, आपल्याच गच्चीवर आपल्याच आवाजात ऐकताना श्रीपादरावांना कुठे बघावं कळेना. त्यांनी खाली पाण्याच्या टाकीकडे बघितलं.

पंढरीनाथ बाहेर आले होते. "म्हणजे मी मेलो," ते म्हणाले. "मंग पेन्शन कोन खाते माही?"

मीराबाई वळल्या. चेहरा लाल वगैरे झाला नव्हता, उलट सगळा रंग गेला होता आणि ओठ घट्ट मिटले होते.

"हसू नका. तुमाले नुसतं मारलं त्याईनं. माह्या राजरत्नाले उपाशी ठेवलं."

पंढरीनाथ आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्या मालवीय नगरला जायला निघाल्या आणि श्रीपादरावांना बरोबर चला म्हणाल्या. इंग्रजी वाचलेला माणूस सोबत हवा होता. श्रीपादरावांना असल्या प्रसंगाचं भय. बसमध्ये बसेपर्यंत त्यांनी दोन कारणं मनात तयार केली, पण एकही बोलून दाखवायचं धाडस झालं नाही.

सलोनी मॅडमनी दोघांनाही खुर्च्या दिल्या, चहा मागवला. चिडायला जागाच ठेवायची नाही, असं ते सौजन्य होतं. श्रीपादरावांना अजूनही ते आठवलं की दाताखाली खडा यावा तसं होतं. मॅडम हळू आवाजात समजावत होत्या. ती मीरा म्हणजे तुम्ही नाही, ती सगळ्या कारागीर बायकांची मिळून एक मीरा आहे. तिकडचे लोक कार्ड हातात घेतलं की आधी उलटं करून बघतात. हृदयाला भिडेल असं काही मागे नसेल तर पुढचं झाड कितीही सुंदर असो, ते ठेवून देतात. यातून कामच वाढतंय ना, तुमचंही आणि इतर बायकांचंही.

मीराबाई म्हणाल्या, मग तिथे तुमचं नाव घाला. मॅडम हसल्या. मीराबाई म्हणाल्या, पुसा ते. मॅडम म्हणाल्या, सगळा कागद छापून झालाय, आता कसं पुसणार. त्या श्रीपादरावांकडे वळल्या.

"अंकलजी, आप ही समझाइए इन्हें. आप तो पढ़े-लिखे हैं."

श्रीपादरावांनी कप खाली ठेवला. त्यांच्या आयुष्यात त्यांनी वरिष्ठाला, बँकेतल्या माणसाला, रिक्षावाल्यालासुद्धा कधी नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "ये झूठ है, मैडम." आवाज चिरकला, पण शब्द बाहेर पडले. मॅडमनी मान हलवली, जशी एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्यासमोर हलवतात, आणि फोन घेतला.

परतताना बसमध्ये श्रीपादरावांना वाटत होतं, आपल्या हातून काहीतरी झालं. त्यांनी जरा बळ आणून म्हटलंही, "तोंडावर सांगितलं मी त्यांना, वहिनी. खोटं आहे म्हणून."

मीराबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"खोटं हाय म्हणून मले राग नाई आला, भाऊ," त्या म्हणाल्या. "माही आजी खरंच उभी राहे त्या हिरीपाशी. दिवसभर. कोनी वरून पानी वाढलं तं वाढलं. ते माह्या आईनं मले एकदाच सांगतलं अन् मंग कधी नाई सांगतलं. मी माह्या पोराले नाई सांगतलं. अन् त्या बाईनं ते विकायले काढलं, झाडाच्या मांगं चिकटवून."

श्रीपादरावांच्या डोक्यातलं ते थोडंसं शौर्य तिथेच मावळलं. खोटं आहे म्हणून ते चिडले होते. त्यांना वाटलं होतं की त्यांचा आणि मीराबाईंचा राग एकच आहे. खातीपुऱ्याचा स्टॉप येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी काही बोलावं अशी मीराबाईंची अपेक्षाही नव्हती.

काम अर्धवट टाकून द्यायचं मीराबाईंच्या मनात आलं नाही. घेतलेली ऑर्डर पुरी करायची, हे त्यांचं ठरलेलं होतं. पुढचे कित्येक दिवस श्रीपादरावांनी कठड्यावरून पाहिलं. खोलीत पंखा बंद, कूलर बंद, आणि मीराबाई जमिनीवर बसून झाडं उभी करतायत, पूर्वीपेक्षा जास्त नीट, जास्त सरळ. झाड वाळलं की कार्ड उलटं करायचं आणि मागच्या त्या ओळींवर आणि घूंघटवाल्या बाईवर छापील कापडाचा एक मोठा चौकोन बसवायचा. मैद्याची खळ मोरचूद घालून शिजवलेली, बाइंडर लोक वापरतात तशी. ती वाळल्यावर कापड ओढलं तर कागद फाटेल, पण कापड निघणार नाही. पंढरीनाथांनी चौकोन कापून दिले. विनोद केला नाही. मोनालीही संध्याकाळी येऊन बसायची. राजरत्नाने एकदा विचारलं, हे सगळं कशासाठी, तर त्याची आई एवढंच म्हणाली की तू जेव आधी.

गठ्ठे गेले. दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. आता त्या हळू आवाजात बोलत नव्हत्या. माल खराब केला, विश्वासघात केला, तुमच्यासाठी आम्ही किती केलं, असं बरंच काही. मीराबाईंनी फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला आणि कापडाच्या चिंध्या गोळा करत राहिल्या. मॅडम थकेपर्यंत बोलल्या. शेवटी मीराबाई म्हणाल्या, "हो का," आणि फोन बंद केला.

काम बंद झालं. ते पुन्हा आलं नाही. त्या गल्लीत आणखी दोघी घड्या घालायचं काम करत, त्यांचंही गेलं. त्यातली एक, हर्षाली, भर रस्त्यात मीराबाईंना बोलून गेली. तुमच्या घरी पेन्शन येते, मुलाचा पगार येतो, तुम्हाला परवडतो हा ताठा, आम्ही काय करायचं. श्रीपादराव भाजी घेऊन येत होते, त्यांनी ते ऐकलं. मीराबाई तिच्यावर चिडल्या नाहीत. पण त्यानंतर बरेच दिवस त्या गच्चीवर आल्या नाहीत. त्यांना पश्चात्ताप झाला होता की आणखी राग आला होता, हे श्रीपादरावांना कधीच कळलं नाही. विचारायला हवं होतं.

फेब्रुवारीत मीराबाई नात्यातल्या एका लग्नाला अकोल्याला गेल्या आणि तिथेच हृदयविकाराने वारल्या. राजरत्नाने फोनवर सांगितलं. पंढरीनाथ आता घरात मुलाबरोबर बसतात, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत नाहीत. मॅडमची कंपनी अजून चालू आहे. मालवीय नगरच्या त्या कोपऱ्यावरून बस गेली की श्रीपादराव दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघतात.

त्यांचं आणि मीराबाईंचं शेवटचं बोलणं डिसेंबरातलं. निमिषची, म्हणजे श्रीपादरावांच्या मुलाची धाकटी मुलगी बंगळुरूच्या शाळेत जाते, तिला पाठवायला एखादं कार्ड मिळेल का, असं त्यांनी चाचरत विचारलं होतं. मीराबाईंनी एक नवं करून आणलं. झाड, चांदणी, सगळं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"मागे तुमचं नाव लिहू का, वहिनी?"

"लिहा ना. पुरं लिहा, मीराबाई पंढरीनाथ तायडे. अन् शाईचा पेन नका घेऊ, हा कागद शाई पेते."

"बॉलपेनने लिहितो."

"हो, बॉलपेन बरा."