पिवळं कार्ड

साखरपुड्याआधी मुलीला सिकलसेलची तपासणी करायची होती, म्हणून सोबत मीही रक्त दिलं. दोघींनाही पिवळं कार्ड मिळालं. पिवळं म्हणजे स्वतःला आजार नाही, पण तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो.

"द्यायचं तर नाक द्यायचं होतंस आई," मुलगी म्हणाली, "हे कशाला दिलंस?"

नर्सबाईंनी समजावून सांगितलं. पेशीतलं मूळ पुस्तक, म्हणजे डीएनए, आपल्या कपाटाबाहेर जात नाही. हव्या त्या पानाची नक्कल तेवढी बाहेर येते आणि ती वाचून प्रथिन तयार होतं. प्रत्येक पान दोनदा असतं, एक आईकडचं, एक वडिलांकडचं. माझ्या रक्ताच्या एका पानावर एक अक्षर चुकलेलं आहे.

मी याद्या करणारी बाई. उतरवताना चूक होते, म्हणून प्रत्येक यादी दोनदा ताडून पाहते. इथे उतरवणाऱ्याची काहीच चूक नव्हती. ते चुकलेलं अक्षर त्याने पन्नास वर्षं इमानेइतबारे उतरवलं, त्याबरहुकूम प्रथिन बनवलं आणि मला साधा थकवाही जाणवू दिला नाही. माझ्याच अंगातल्या या चोख कारभाराची मला धास्ती वाटली.

"दोघांचंही पिवळं निघालं, तर बाळाचं लाल निघू शकतं," नर्सबाई म्हणाल्या. लाल म्हणजे आजार.

होणारे जावई बाही वर करून खुर्चीत बसले. त्यांना सुई टोचली, तेव्हा 'आई गं' माझ्या तोंडून निघालं.