टोरीच्या तेलावर चालणारी घडी

पतीच्या निधनानंतर त्यांची घडी, म्हणजे खिशातले घड्याळ, माझ्याकडे राहिली आणि वर्षभरातच ती बंद पडली. मी तेव्हा दवनीवाड्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. होळीच्या सुमारास मुर्रीहून माझे धाकटे दीर आले. बसताबसता त्यांची नजर खुंटीवर गेली.

"वहिनी, बंद घडी कायले टांगून ठेवली? मले द्या. घडी माणसाच्या खिशात शोभते."

"मी दुरुस्त करणार आहे ती."

ते इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. "तुमी? बरं. वैशाख लागेपर्यंत चालू केली तं तुमची, नाही तं माझी. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. या एका शब्दात मी काय चूक केली, ते कळायला पौष उजाडावा लागला.

गोंदियाच्या बाजारात एक घडीसाज बसत. मी त्यांच्याकडे दुरुस्ती मागितली नाही. काम कसे करतात ते दाखवा आणि घडीच्या तेलाची एक कुपी विकत द्या, एवढेच म्हटले. डोळ्यावरचे भिंग न काढता ते म्हणाले, "बाईजी, ये चूल्हा नहीं है कि फूँक मारी और जल गया. घडी छोड जाइए."

"छोडनी नहीं है, सीखनी है."

"तो पाठशाला में सीखिए-सिखाइए. तेल मैं अनाडी हाथ में नहीं देता."

मी घडी पदरात बांधली आणि परत आले. अनाडी हात हे वर्णन त्या दिवशी खरेच होते. ते कायमचे खरे राहील, हे मात्र मला मान्य नव्हते.

शाळेत एक टाकून दिलेले गजराचे घड्याळ होते. आधी ते उघडले. पहिल्याच दिवशी आतली पोलादी स्प्रिंग सुटून अंगठ्यावर बसली आणि नख काळे झाले. नवशिक्याने हे प्रथम ध्यानात ठेवावे: चावीचा ताण पूर्ण उतरवल्याशिवाय एकही चाक हलवू नये. ते घड्याळ मी चार वेळा खोलले व जोडले. प्रत्येक चाकाची आकृती वहीत काढली, प्रत्येक स्क्रू अंक घातलेल्या आगपेटीत ठेवला. चौथ्या वेळी ते चालू लागले आणि मुलींनी वर्गातच टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच पतीच्या घडीला हात लावला.

तिच्यात मोडलेले काही नव्हते. जुने तेल वाळून गोंदासारखे झाले होते. भाताच्या गिरणीतून थोडे पेट्रोल मिळवले, त्यात चाके धुतली, आणि ज्या बारीक लाल खड्यांत चाकांची टोके फिरतात त्यांची भोके बांबूची काडी तासून साफ केली. प्रश्न उरला तेलाचा. घरात होते ते टोरीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे. मी ते सात वेळा मलमलीतून गाळले आणि सुईच्या टोकाने थेंब थेंब दिले. तोलचक्र, म्हणजे घडीची चाल राखणारे चाक, डोलू लागले. वैशाखाला अजून नऊ दिवस होते. दीर आले, घडी कानाला लावली आणि खुंटीवर परत टांगून गेले.

उन्हाळा, पावसाळा घडी नीट चालली. पौषातल्या एका सकाळी दीर पुन्हा दारात उभे. मी त्यांना चुलीजवळ पाट दिला. त्यांनी आधी खुंटीकडे पाहिले. काटे चारावर थांबलेले, बाहेर तर ऊन आलेले.

"बंद पडली नं! टिकलीच नाही, तं शर्त हारल्या तुमी, वहिनी." त्यांनी घडी काढून मुठीत धरली.

मी चहाचे आधण ठेवले. ते मूठ तशीच धरून जाळापुढे हात शेकत बसले आणि मुर्रीच्या धानाचे सांगू लागले. मध्येच दचकले. "अरे! हे तं चालून राहिली!"

तेव्हा माझे लक्ष चुलीच्या कडेला गेले. तिथे टोरीच्या तेलाची बाटली होती. थंडीत ते तेल तुपासारखे थिजते, म्हणून रोज सकाळी ती बाटली तिथे ठेवणारी मीच होते. सात वेळा गाळणाऱ्या मला एवढे सुचले नव्हते. घडीतले तेल पहाटेच्या गारठ्यात थिजत होते आणि आता दिरांच्या तळहाताच्या उबेने पातळ झाले होते.

दीर हिरमुसले, पण मन मोठे करून त्यांनी घडी पुढे केली. "घ्या. चालली म्हणून देऊन राहिलो."

आणि इथे मला माझी होळीतली चूक दिसली.

"चालली म्हणून देऊ नका, भाऊजी. उद्या सकाळी ती पुन्हा बंद पडेल. परवाही पडेल."

"मंग?"

"मग काही नाही. ती माझ्या नवऱ्याची होती, आता माझी आहे. बंद असली तरी. मी कबूल म्हटलं तेच चुकलं. ते मी परत घेते."

"असं कसं? शब्द दिला होता तुमी."

"दिला होता. शाळेत मुलीचं उत्तर चुकलं तर मी तिला ते खोडून पुन्हा लिहायला लावते. मीही तेच करते आहे."

ते उठले. "मास्तरीण झाल्यापासून लई बोलून राहिल्या तुमी," म्हणाले. पण चहा पिऊन गेले.

घडी पेट्रोलने धुऊन दुसरे तेल देणे दोन दुपारचे काम होते. मी ते मुद्दाम केले नाही. उरलेला पौष आणि माघ ती रोज पहाटे थांबे आणि मी ती तशीच, थांबलेली, पदराला टाचून शाळेत जाई. तासांची घंटा गजराच्या घड्याळावर होई. दहा-साडेदहाला, वर्गात ऊन आले की, टिकटिक आपोआप सुरू होई आणि पहिल्या रांगेतल्या मुली माना वर करून माझ्याकडे बघत. माघ सरता सरता मी एका दुपारी स्क्रू ठेवायच्या आगपेट्या काढल्या आणि घडी उघडली.