आवाज आल्यावरच बटन

परदेशातल्या दवाखान्यात नोकरी हवी असेल तर नर्सला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. माझं वाचन बरं होतं. धडकी भरायची ती ऐकण्याच्या भागाची. रेकॉर्डिंग एकदाच लागतं. निसटलं ते गेलंच.

अमरावतीत ड्युटी संपली की मी तशीच क्लासला जायची. हेडफोनमधली बाई फोन नंबर सांगताना 'डबल फोर' म्हणायची. मी त्याचे दोन चार लिहीपर्यंत ती पत्त्यावर पोचलेली असायची. चाळीसपैकी चोवीस आले, पुढच्या आठवड्यात बावीस, मग एकोणीस. सराव वाढत होता आणि गुण उतरत होते. तेव्हा मनात शिरलं, इंग्रजीचं नसेलच हे, कानाचं असेल.

कारण बाबा. एसटीच्या डेपोत ते मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर त्यांना ऐकू कमी येऊ लागलं. आजोबांचंही शेवटी तसंच झालं होतं. घराण्यातच असलं तर? वॉर्डात एका म्हाताऱ्यांचं बीपी मी तीनदा घेतलं, ठोके नीट ऐकले की नाही याची खात्रीच वाटेना. ते घाबरून म्हणाले, "सिस्टर, काही गडबड हाये काय?" त्यांना काहीच झालेलं नव्हतं. 

अमरावतीतले कानाचे डॉक्टर ओळखीचे. नर्सलाच ऐकू येत नाही, ही बातमी वॉर्डात पोचायला किती वेळ लागतो? म्हणून अकोला गाठायचं ठरवलं. घरी सांगितलं, बाबांचे कान दाखवून आणते. बाबा कुरकुरले, पण आले.

तिथे आधी त्यांची तपासणी झाली. मग मी हळूच म्हटलं, "माझीही करा." बाबांनाही ते तेव्हाच कळलं.

लहानशा बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. बारीक आवाज आला की हातातलं बटन दाबायचं. एकही आवाज सुटू नये म्हणून मी अंगठा टेकवूनच बसले. थोड्या वेळाने तपासणाऱ्या ताईंनी दार उघडलं.

"मॅडम, तुमी आवाज यायच्या आधीच बटन दाबून राहिल्या. पुन्हा करू. आवाज आल्यावरच दाबा."

दुसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि फक्त वाट पाहिली. माझे दोन्ही कान ठणठणीत निघाले. मला आनंद व्हायला हवा होता, पण आता बहाणाही उरला नव्हता.

बाबांचा डावा कान मात्र बराच गेला होता. बाहेर बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "तुया मायचं अर्धंच आयकू येते मले. बाकी अंदाजानं हो म्हन्तो."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू तरी कुठं सांगतलं?"

मग बस येईपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं, त्यांच्या उजव्या बाजूला बसून.

त्यानंतर मी सराव बदलला. पुढे काय येईल याचा अंदाज बांधणं सोडलं. एखादं उत्तर निसटलं तर रिकामी जागा तशीच ठेवून पुढच्या प्रश्नावर जायचं, हे शिकायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

परीक्षा नागपूरला झाली. तिसऱ्या भागात दोन जण एकमेकांचं बोलणं तोडत बोलू लागले आणि माझी लागोपाठ दोन उत्तरं गेली. पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि ऐकत राहिले.

निकाल मोबाईलवर आला. ऐकण्यात हवे होते तेवढे गुण मिळाले, एकही जास्त नाही. लिहिण्याच्या भागात मात्र थोडे गुण कमी पडले. मी कॅन्टीनमध्ये बसून खूप वेळ तो पडदा वरखाली सरकवत होते. मग मैत्रिणीला फोन लावला आणि विचारलं, निबंध तपासून देणारं कोणी ओळखीचं आहे का?