नलवडे गुरुजींचा आवाज

नलवडे गुरुजी सतराचा पाढा म्हणू लागले की टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका पुढचा आकडा त्यांच्या आधी सांगत. शाळा गावाच्या एका टोकाला, टँकर थांबायचा दुसऱ्या टोकाला. पण गुरुजींच्या आवाजाला अंतर कधी आडवं आलंच नाही. जत तालुक्यातल्या त्या गावात शाळेत कुणी डोकावत नसे. चावडीच्या कट्ट्यावर बसून शाळा ऐकायची आणि मास्तर कसा आहे ते तिथल्या तिथे ठरवायचं, असा रिवाज होता. या परीक्षेत गुरुजी वर्षानुवर्षं पहिले येत. मी नुकतीच नोकरीला लागलेली, शेजारच्या वर्गावर. माझा आवाज माझ्या वर्गाच्या दारापर्यंत जेमतेम पोचायचा, त्यामुळे माझी मुलंही बऱ्याच अंशी गुरुजींकडूनच शिकत.

गुरुजी मूळचे वडूजकडचे. घरातले सगळे पुरुष फौजेत. हे छातीच्या मापात जरासे कमी भरले म्हणून शिक्षक झाले, पण कवायतीचा आवाज घरचाच होता. "मास्तराचा आवाज आन् शिपायाची बंदूक, कवा खाली ठिवायची न्हाई बाई," असं मला सांगत. निवृत्ती जवळ आली होती आणि जाण्याआधी जिल्ह्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार घ्यायचा, ही त्यांची इच्छा सगळ्या गावाला माहीत होती. समारंभासाठी फेटाही आणून ठेवला होता. फेट्याला कसर लागणार नाही याची काळजी त्यांची बायको दर उन्हाळ्यात घेई.

आणि नेमका तेव्हाच आवाज बसायला लागला. दुपारनंतर नुसती खरखर यायची. मिरजेच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी धरल्यात, असंच ओरडत राहिलात तर आवाज कायमचा जाईल. गुरुजींनी त्यावर डॉक्टरांनाच विचारलं, "मग शिकवायचं कशानं?" ज्येष्ठमध चघळत ते परत आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सतराचा पाढा टँकरपर्यंत गेला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत शिक्षकांसाठी आवाजाचं प्रशिक्षण निघालं आणि हेडमास्तरांनी गुरुजींबरोबर मलाही धाडलं. त्यांचा आवाज कमी करायचा आणि माझा वाढवायचा, असा एका तिकिटातला हिशेब असावा. अमेरिकेहून परतलेल्या एका इंजिनिअरने तिथे संगणकात वर्ग भरवला होता. त्याला तो व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणे. डोक्यावर हेल्मेटसारखं अवजड यंत्र चढवलं की समोर चित्रातली मुलं दिसत. तोंडापुढे माइक. घसा ताणून ओरडलं की मुलं दंगा करत. पोटातून श्वास घेऊन सावकाश बोललं की गप्प बसून ऐकत. आमच्या खऱ्या शाळेत बाकं नव्हती, या खोट्या शाळेत होती. सुधारणेला कुठून तरी सुरुवात व्हावी लागते.

गुरुजींनी टोपी काढून माझ्या हातात दिली, यंत्र चढवलं आणि पहिल्याच फटक्यात म्हणाले, "गप बसाऽऽ!" मुलं बाकांवर चढली. गुरुजींनी आवाज वाढवला. मुलं नाचू लागली. हे सगळं आम्हाला शेजारच्या पडद्यावर दिसत होतं. "माज्या वर्गात असलं चालायचं न्हाई, सांगून ठिवतो!" गुरुजी कडाडले. इंजिनिअरने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. "सर, हळू. मुलं खरी नाहीत," तो म्हणाला.

"खरी न्हाईत म्हनून सोडून द्यायाची व्हय?" गुरुजी म्हणाले.

मग ते एकदम थांबले. सगळ्यात मागच्या बाकावर एक मुलगी मान खाली घालून बसली होती. दंग्यात नाही, कशात नाही. गुरुजी यंत्रासकट तिच्याकडे चालू लागले. इंजिनिअर वायर सांभाळत मागे धावला. यंत्र भिंतीला टेकल्यावर गुरुजी वाकले आणि मी कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "काय झालं गं बाळा? बरं न्हाई व्हय?" क्षणात सगळा वर्ग शांत झाला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. तंत्र जमलं म्हणून इंजिनिअर खूश. गुरुजी मात्र यंत्र उतरवून नाराज. पोरगी बोलली नव्हती. "तिचं चित्र अपुरं राहिलंय, सर. तिला मान वर करता येत नाही," इंजिनिअरने खुलासा केला.

परतीच्या एसटीत तिकीट खिशात घालत ते म्हणाले, "बाई, आपल्याकडची यल्लव्वा बी अशीच बसती की वो."

यल्लव्वा त्यांच्या वर्गातली. घरी सगळं कानडी. तिला मराठी कळत नाही हे गुरुजींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यावरचा उपायही माहीत होता: अजून मोठ्याने सांगायचं. दोन वर्षं तिला ते एकच वाक्य चढत्या आवाजात सांगत आले होते. सांगलीहून आल्यावर सोमवारी ते तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुणाकडून तरी शिकून आलेलं हळूच विचारलं, "ऊट आयता?" जेवलीस का? पोरीने मान वर केली आणि उत्तर दिलं. तिचा आवाज इतका बारीक की ऐकायचा तर बाकीच्यांना तोंड मिटावंच लागे. गुरुजी मग रांगांतून फिरत, ज्याच्यापाशी जायचं त्याच्यापुरतंच बोलू लागले. घशाची खरखर कमी झाली.

आणि गावात बोंब झाली. गुरुजी शिकवायचे बंद झाले! सरपंच चावडीवरून उठून शाळेत आले, हेही पहिल्यांदाच. "गुर्जी, पुरस्काराला तुमचं नाव आमीच धाडलंय. पर चावडीवरनं काय सुद्दा ऐकू येत न्हाई. पुरस्काराचं सायेब पाहणीला येनार हायती. एक दीस तरी दणका द्या की!" गुरुजींनी त्यांना चहा पाजला. दणका द्यायचं त्यांच्याही मनात आलं असावं, कारण पाहणीच्या दिवशी सकाळी त्यांनी ज्येष्ठमधाची पुडी खिशात घातलेली मी पाहिली. मला फार वाईट वाटलं. आयुष्यभराची इच्छा होती ती. एका दिवसाच्या ओरडण्यावर आली होती.

साहेबांची जीप आली ती चावडीपाशीच थांबली. साहेबही याच मुलखातले, रिवाज त्यांनाही ठाऊक. ते कट्ट्यावर कान देऊन उभे राहिले. हेडमास्तर ओट्यावरून गुरुजींना हातवारे करत होते. मी माझ्या दारात उभी. आत यल्लव्वा धडा वाचत होती. मराठीतला, पहिल्यांदाच, एकेका अक्षरावर अडखळत. गुरुजींनी हेडमास्तरांकडे पाहिलं, खिशातली पुडी चाचपली आणि पुन्हा तिच्याकडे तोंड केलं.

शेवटी साहेब स्वतःच तरातरा आले आणि दारातून गरजले, "काय चाललंय काय इथं?"

यल्लव्वा गप्प झाली. गुरुजी उठले नाहीत. "आवं सायेब, हळू," ते म्हणाले. "पोरगी वाचतीया." मग तिच्याकडे वळून, "हं, म्होरं."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, अध्यापन वर्गाबाहेर ऐकू येत नाही. त्या वर्षीचा पुरस्कार शेजारच्या गावी गेला. तिथल्या गुरुजींचा आवाज म्हणे दोन शिवारं ओलांडतो. नलवडे गुरुजींनी शेरा चष्मा लावून वाचला आणि खाली सही केली.

"खोटं काय लिवलंय," मला म्हणाले. "भाईर कुटं ऐकू जातंय?" आणि धडा अर्धा राहिला होता म्हणून वर्गात गेले.