दुबईला नेलेली तिरफळं

दुबई विमानतळावर माझी बॅग उघडली गेली ती तिरफळांमुळे (बांगड्याच्या आमटीत घालतात, जिभेला मुंग्या येतात). खसखस आणू नका, इथे चालत नाही, असं भावजय मेधाने फोनवर बजावलं होतं. तिरफळांबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं. अधिकाऱ्याने डबी हुंगली, नाक मुरडलं आणि "यल्ला" (चला) म्हणून मला सोडलं.

अल मनखूल भागातल्या घरी माझा धाकटा भाऊ सुधीर अगदी निम्मा झाला होता. आतड्याचं ऑपरेशन नीट झालं, पण घरी आल्यावर आतडं अडलं आणि पुन्हा दाखल व्हावं लागलं. आता सर्जनने सगळं खायला सांगितलं होतं. हा मात्र दोन चमचे पेज घेतली की वाटी सरकवायचा. असंच चाललं तर नळीने अन्न द्यावं लागेल, अशी तंबीही मिळाली होती. मी मऊभात केला, सार केलं, रागावूनही पाहिलं.

"आत्या, ही इज स्केअर्ड," इरा म्हणाली. ही माझी भाची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं.

शनिवारी सुधीरचे जपानी साहेब भेटायला आले. त्यांनी औषधी चूर्णाच्या पुड्या आणल्या होत्या. सुंठ, जिनसेंग आणि तिकडची एक मिरी. आतड्याच्या ऑपरेशननंतर ते पुन्हा अडू नये म्हणून जपानमधले डॉक्टरच हे देतात म्हणे. मी लगेच पाणी कोमट करायला निघाले. मेधा शहाणी, तिने आधी सर्जनला फोन लावला. त्यांना औषध माहीत होतं, हरकत नव्हती.

साहेबांसमोर नाही म्हणायची सुधीरची टाप नव्हती. त्याने चूर्ण तोंडात टाकलं आणि थबकला.

"ताई, ही तर तिरफळं."

पुडीत उरलेलं मी चाटून पाहिलं. त्याच मुंग्या! मी डबी आणली. साहेबांनी एक तिरफळ चावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "सान्शो" (त्या मिरीचं नाव).

"बांगड्याची आमटी करशील?" सुधीरने विचारलं.

मला सगळ्यांदेखत रडू आलं. मेधाने गाडी काढून देऱ्याच्या मासळी बाजारातून बांगडे आणले. आमटी बेताची तिखट केली. सुधीर भात कालवून जेवला, साहेबही जेवले.

पुड्यांनी आतड्याचं काय केलं ते डॉक्टर जाणोत. माझा भाऊ घाबरायचा थांबला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. निघताना भरली डबी तिथेच ठेवली. मला वेंगुर्ल्याला घरी येऊन थोडे दिवस झाले असतील, सुधीरचा फोन आला. आवाजात तक्रार होती.

"ताई, तिरफळं संपली."