बंगळूरला दिलेले रक्त

दादाला पुन्हा संडासातून रक्त पडू लागले तेव्हा बेळगावच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि आम्ही बंगळूरला निघालो: आबा, दादा आणि मी. घरात शाळा शिकलेली मी पहिली, म्हणून मला नेले.

पोटाचा रुग्ण घेऊन जाणाऱ्यांना एक सांगते, मीटरगेजच्या गाडीत संडासाजवळचीच जागा धरा. आम्ही हौसेने खिडकी धरली आणि दादाला दर खेपेला माणसे ओलांडून जावे लागले. तो परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.

स्टेशनवर जटका, म्हणजे एका घोड्याचा टांगा, मिळतो; भाडे आधी ठरवा. चिकपेटेत व्यंकोबाअण्णांकडे उतरलो. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथे कापड विकते. माझे निपाणीचे स्थळ त्यांनीच आणलेले. त्यांच्या अक्कांनी दादाला मऊ भात वाढला आणि "स्वल्प तूप घे रे" म्हणत मागे लागल्या.

इस्पितळात डॉक्टरांशी कानडीत बोलायला अण्णाच आले. आतड्याला व्रण आहेत, डॉक्टर म्हणाले. रोगजंतूंशी लढणारी रक्तातली द्रव्ये आपल्याच आतड्यावर उलटत असावीत, असे काही जण आता मानतात. हे रक्तातून घराण्यात उतरते का, तेही शोधत आहेत. घरात आणखी कुणाला होते?

"कुणाला नाही," आबा म्हणाले.

लग्न ठरेपर्यंत घरातल्या आजाराचे नाव काढायचे नाही, ही आमच्याकडची रीत. आबांची बहीण, ठकूआत्या, याच दुखण्याने गेली होती. अण्णा कानडीत सांगू लागले आणि मला राहवेना.

"आत्याला होतं. ती त्यातच गेली."

आबांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. अण्णा थबकले, मग त्यांनी जसेच्या तसे सांगितले. डॉक्टरांनी तिघांचेही रक्त घेतले. मलाही होईल का, मी इंग्रजीत विचारले. ते आज कुणालाच सांगता येणार नाही, म्हणाले.

परतताना अण्णा म्हणाले, "निपाणीला मी आपणहून सांगणार नाही. विचारलं तर लपवणारही नाही. सरी? ठीक ना?"

मी मान डोलावली.

नव्या औषधाने दादाचे रक्त थांबले आहे, निदान सध्या. निपाणीचा निरोप नाही. पोटात जरा कळ आली की मी हातातले काम टाकून बसते. आत्याचे नाव घरात कुणी घेत नसे. परवा दादाला ताक वाढले, तर आबांनी वाटी उचलून बाजूला ठेवली.

"ठकूलाही सोसत नसे," ते म्हणाले.