केशरच्या जागी बायजा

केशर कुळगीच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टात स्वयंपाक करायची. सकाळच्या चहाच्या आधणापासून रात्री शेवटचं पातेलं पालथं घालेपर्यंत ती तिथेच असायची. मालक शिवानंद सांगेल तेव्हा यायचं, सांगेल ते रांधायचं. याला मी नोकरी म्हणतो. शिवानंदचे वकील म्हणाले, ही नोकरी नव्हेच, केशरबाई स्वतंत्र कंत्राटदार आहेत. केशरला ही बातमी नवीन होती.

मी जोयड्यात झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो. कंत्राटदार मी पुष्कळ पाहिलेत. ते खुर्ची न विचारता ओढून घेतात. केशर आली ती दाराबाहेर चपला काढून उभी राहिली, आणि बस म्हटलं तर उंबऱ्यावर बसली. झालं होतं ते असं. कढईतलं तेल तिच्या उजव्या हातावर सांडलं. हात बरा करून ती परत गेली, तर चुलीपुढे दुसरीच बाई. शिवानंद गोड आवाजात म्हणाला, "केशरक्का, तुझं कंत्राट संपलं की." तिचं मागणं एकच होतं, कामावर परत घ्या. मी अर्ज लिहिला, कामगार अधिकाऱ्यांकडे पाठवला, आणि सुनावणीच्या दिवशी तिच्याबरोबर गेलोही. दुकान बंद ठेवून गेलो, कारण वकिलाचा तो शब्द माझ्या डोक्यात गेला होता.

केशरची जाऊ बायजा सोबत होती. तिला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं. ती केशरला एकटीला बसनं पाठवायला तयार नव्हती, एवढंच.

वकिलांनी केशरला विचारलं, "ज्या दिवशी तुम्हाला जमायचं नाही, त्या दिवशी काय करायचा?"

केशरचा चेहरा उजळला. इतका वेळ तिला कुणी नीट उत्तर देता येईल असं काही विचारलंच नव्हतं.

"ह्या बायजाला धाडायची. घरात कुणी आजारी असू दे, न्हाईतर लावणी असू दे. एक दिस मालकाची चूल अडू दिली न्हाई मी."

वकील मान डोलावून खाली बसले. मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे भातलावणीला सावड असते. आज तुमची माणसं माझ्या शेतात, उद्या माझी तुमच्या. शब्द घरानं दिलेला असतो. मला जमलं नाही तर भावजय जाते, भावजयीला नाही तर मुलगी. माणूस न पाठवणाऱ्या घराला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. केशरनं हीच रीत रिसॉर्टात पाळली होती. वकील आता उठून शांतपणे सांगत होते, की नोकर आपल्या जागी दुसरा माणूस पाठवू शकत नाही, कंत्राटदार पाठवतो. म्हणजे ती दांड्या मारत राहिली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं इमानदारीनं वागून बाईनं स्वतःविरुद्ध पुरावा तयार केला होता.

अधिकारी शिवानंदकडे वळले. "मग ही बायजा आली की तुमचं काम भागायचं?"

"भागायचं ना, सर."

"कुठलं भागतंय!" बायजा मागच्या बाकावरून उठली. "मला भांड्याला लावायचा ह्यो. अक्काची आय वारली तवा अक्का माहेरी दिग्गीला गेल्ती. मी कामावर हजर व्हते की! तरी ह्येनं जीप धाडली तिला आणायला. तिसरा दिस व्हता. सुतकात चुलीपुढं उभी केली तिला."

"गप ग बायजे," केशर म्हणाली. तिनं मान खाली घातली होती.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "जीप पाठवली होती?"

शिवानंदला हा आपल्या धंद्यावरचा आरोप वाटला. "सर, हुबळीची मोठी पार्टी आलेली. केशरक्काच्या हातची कंदांची भाजी खायला म्हणून आलेली. अशा वेळी तिनं यायलाच पाहिजे की!"

वकिलांनी त्याची बाही ओढली, पण तोवर वाक्य बोलून झालं होतं. अधिकाऱ्यांनी ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं आणि लिहून ठेवलं. जिला आईच्या तिसऱ्या दिवशीही नाही म्हणायची सोय नाही, ती कंत्राटदार कशी, असं ते म्हणाले. आठवड्याभरात आदेश आला: केशर कामगारच, तिला कामावर परत घ्यावं.

आदेश वाचून दाखवताना मला फार आनंद झाला. चहा मागवला, बायजानं दोन कप घेतले. केशरनं कप तसाच हातात धरला होता.

"मी कामगार न्हवते असं ठरलं असतं," तिनं विचारलं, "तर त्या दिसी जीप परत धाडता आली असती?"

"हो," मी म्हटलं. "कंत्राटदाराला तसं जुलमानं नेता येत नाही."

"आन कामगाराला येतंय?"

मी म्हटलं, नाही, त्यालाही नाही.

"मग मला कुणी सांगितलं का न्हाई?" ती म्हणाली. "मला वाटलं, जायलाच लागतंय. भाऊ हात धरून ऱ्हा म्हणत व्हता." आणि ती माझ्या दुकानात, आदेशाचा कागद मांडीवर ठेवून, आईसाठी रडली.